भाईंदर विरुद्ध मीरा रोड

आमच्या बाबांनी वर्षानुवर्षं क्रिकेटची एक लीग चालवली आणि तिच्यात एकही खेळाडू हाडामांसाचा नव्हता. लुडोचे दोन फासे, एक पांढरा नि एक लाल, स्टीलचा एक पेला, आणि बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून केलेली पत्त्यांएवढी कार्डं, एवढंच सगळं सामान. पांढऱ्या फाशावर पडेल तेवढ्या धावा, फक्त पाच पडला तर चेंडू हुकला म्हणायचं. लाल फाशावर एक पडला की फलंदाज बाद. चांगल्या फलंदाजाच्या कार्डावर फुली असायची, त्याला लाल फासा पुन्हा टाकायची एक सवलत. एवढं कळलं की तुम्ही आमच्या घरात बसायला लायक झालात.

हसू नका. आमच्याकडे हे प्रकरण फार गंभीर होतं. आत्याकडच्या मुंजीला बाबा अक्षता पडून गेल्यावर पोचले, कारण वसई आणि विरारचा सामना शेवटच्या षटकात अडकला होता. आत्याने जाब विचारला तर म्हणाले, "अगं, टाय झाला." जसं काही तिला बरं वाटणार होतं.

संघ स्टेशनांच्या नावांचे होते. आठ संघ आणि मध्ये भाईंदरची खाडी, म्हणून गटही दोन. खाडीपलीकडचा गट म्हणजे नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. खाडीअलीकडचा गट म्हणजे भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरिवली. बाबांचा संघ भाईंदर. माझ्या दादाचा मीरा रोड. मला विरार दिलेला, कारण मी धाकटी आणि विरार सगळ्यात लांब. बाकीच्या संघांचे फासे आम्ही आळीपाळीने टाकायचो. दर वर्षी दसऱ्याला बाबा वेळापत्रक करून हॉलच्या भिंतीवर चिकटवायचे, त्याच्याशेजारी लीगचे नियम, आणि दिवाळी झाली की पहिल्या रविवारी दुपारी लीग सुरू.

गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो तेव्हा मी शाळेत होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इमारत नवी, नळ कोरडे, पाण्याचा टँकर आला की सगळा जिना बादल्यांनी भरायचा. गिरगावात बाबांना गॅलरीत उभं राहिलं की दहा माणसं बोलायला मिळायची. इथे समोरचा गुजराती, वरचा मारवाडी, खालचा मंगलोरचा, आणि बाबांचं हिंदी म्हणजे आनंदीआनंद. मग बाबांनी ओळखीची माणसं पुठ्ठ्यातून कापून काढली.

खरंच सांगते. त्यांच्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला त्यांनी घर दिलं होतं, आईबाप दिले होते. यष्टिरक्षक मोरव्याचा, त्याच्या वडिलांची होडी. तो झेल सुटला की "माजा हात न्हाय पोचला" असं म्हणायचा, म्हणजे बाबाच त्याच्या आवाजात म्हणायचे. सलामीचा फलंदाज मिठागरातल्या मुकादमाचा मुलगा. एक फिरकीवाला उत्तनचा ख्रिस्ती, रविवारी चर्चमध्ये मासला जाऊन मगच खेळायला येणारा. आणि सगळ्यात लाडका म्हणजे त्यांचा वेगवान गोलंदाज. मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध कुटुंबातला पोरगा, पूर्वेला राहणारा, वडील गोदामात कामाला. त्याने बळी घेतला की बाबा त्याच्या कार्डावर प्रेमाने टिचकी मारायचे. पाहुणे आले की अभिमानाने सांगायचे, "बघा, आमच्या संघात जातपात नाही."

आणि मग दादाने त्यांना सांगितलं की त्याला लग्न करायचंय. मुलगी कॉलेजपासूनची ओळखीची, बँकेत नोकरीला, राहायला पूर्वेला केबिन रोडच्या मागे. घरची माणसं मूळची जालन्याकडची, बौद्ध.

मी तिथेच होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "मी जात मानत नाही हे तुला माहीतच आहे. पण." त्या 'पण'च्या पुढचं वाक्य मला आजतागायत ऐकायला मिळालेलं नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी निकाल दिला की तिकडे लग्न केलंस तर या घरात तुझा संबंध संपला. ती सून म्हणून इथे येणार नाही, मी तिच्याशी बोलणार नाही, विषय संपला. आई पदर तोंडाला लावून ओट्याशी उभी होती. मी चवताळून म्हणाले, "आणि तुमचा तो गोलंदाज, बाबा?" तर म्हणाले, "तो खेळ आहे." असा राग आला होता मला. कागदावर अख्खं गाव चाललं, दारात एक मुलगी चालेना.

दादाने महिन्याची नोटीस आधीच देऊन ठेवली होती, त्याने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आईने तिची एक न नेसलेली पैठणी माझ्याबरोबर पाठवली आणि बाबांना सांगूनच पाठवली. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. दादा-वहिनीने पूर्वेलाच भाड्याने जागा घेतली. आईला एकच गोष्ट हवी होती. ती देवापुढे बसली की मोठ्याने बोलायची, त्यामुळे आम्हाला माहीत होतं. "एकदा तिला घरात आणून पाटावर बसवू दे, माझ्या हातचं चार घास खाऊ घालू दे. पुढचं पुढे."

आता गंमत अशी की हे सगळं झालं दसरा आणि दिवाळी यांच्या मध्ये. वेळापत्रक भिंतीवर लागून गेलेलं. लीगचा दुसराच रविवार, खाडीअलीकडचा गट, भाईंदर विरुद्ध मीरा रोड, मैदान भाईंदर. म्हणजे आमचा हॉल.

मला वाटलं बाबा सामना रद्द करतील. नाही केला. ते एका सरकारी खात्यात जन्मभर कारकून होते, एकदा चिकटवलेला कागद त्यांना देवासारखा. आईने भीत भीत विचारलं, "येईल का हो तो?" तर म्हणाले, "मीरा रोडचा कर्णधार येईल. यायलाच हवं. नाही आला तर गुण जातील." मुलगा येणार नाही, कर्णधार येईल. अशी ही माणसं, काय बोलायचं यांच्यापुढे.

त्या रविवारी आईने सकाळपासून पुरण वाटायला घेतलं. बाबांनी विचारलं, "आज काय सण आहे?" आई म्हणाली, "सामना आहे." पुढे बाबांनी विचारलं नाही.

दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर दादा, आणि त्याच्या मागे वहिनी. ती पैठणी नव्हती नेसलेली, साधा पंजाबी ड्रेस, हातात पेन्सिल आणि पॅड. मी दोघांना आत घेणार तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. माझ्या नावाने हाक आणि मग, "त्याला विचार, बरोबर कोण आहे?"

दादाने उंबऱ्याबाहेरूनच उत्तर दिलं, "आमच्या संघाचा स्कोअरर."

मग बाबा उठून भिंतीपाशी गेल्याचं मला दिसलं. त्यांनी स्वतः लिहिलेले नियम ते स्वतःच वाचत होते. पाहुण्या संघाला आपला स्कोअरर आणण्याचा हक्क आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. कोण असावा, बाई असावी की बाप्या, कोणाची कोण असावी, काही नव्हतं. दादाने हे किती दिवस मनात धरून ठेवलं होतं कोण जाणे. मला आतल्या आत टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. बाबा म्हणाले, "बसू दे."

वहिनी अशी आमच्या घरात आली. सून म्हणून नाही, स्कोअरर म्हणून. आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुशीत उभी, चेहरा असा फुललेला की मला भरून आलं. वहिनी वाकायला लागली तर आईने तिला मधेच धरलं आणि हळूच म्हणाली, "आधी खेळ होऊ दे. मग आपण आहोतच."

आम्ही कॅरम बोर्ड उलटा करून त्यावर खेळायचो, कडेच्या पट्ट्यांमुळे फासे बाहेर जात नसत. एका बाजूला बाबा, समोर दादा. बाबांची स्कोअरर मी. वहिनी माझ्यासमोर. नाणेफेक झाली. बाबांनी नाणं उडवलं आणि मला म्हणाले, "त्याला विचार, छापा की काटा?" दादा त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलेला.

दादा मला म्हणाला, "सांग, काटा."

म्हणजे आता मी पोस्टमन. दोन घोडे एकाच बोर्डाला गुडघे लावून बसलेत आणि त्यांचे निरोप मी पोचवतेय. एकदा मी मुद्दाम निरोप पोचवलाच नाही, गप्प बसले, तर दोघंही माझ्याकडे बघत थांबले. वहिनीला हसू आलं. तिने पॅडमध्ये तोंड घातलं, पण मला दिसलं. त्या क्षणापासून मला ती आवडायला लागली.

भाईंदरची फलंदाजी पहिली. बाबा छान खेळले. छान म्हणजे काय, फासे छान पडले, पण फासे छान पडले की बाबा स्वतः छान खेळल्यासारखे ताठ बसायचे. प्रत्येक षटकानंतर वहिनी आणि मी धावा ताडून बघायचो. "अकरा?" "अकरा." तिचा आवाज शांत, बँकेच्या खिडकीतून येतो तसा. एकदा माझी दोन धावांची चूक निघाली, बाबांच्या दोन धावा मी कमी धरल्या होत्या. वहिनी म्हणाली, "नाही, तेरा आहेत. तुमच्या बाजूच्या दोन राहिल्या." दादाने कपाळाला हात लावला. बाबांनी मान वर केली. तिच्याकडे नाही बघितलं, पण मान वर केली. आईने दारातून माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, म्हणजे बघ, होतंय हळूहळू.

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू. मला वाटलं फासे वितळवतील या माणसाला.

मीरा रोडची फलंदाजी आली. दादाचे पहिले तीन गडी झटपट गेले, ते सगळे त्या वेगवान गोलंदाजाने घेतले. बाबा विसरले. कार्डावर टिचकी मारून म्हणाले, "शाब्बास माझ्या पोरा." आणि मग एकदम हात मागे घेतला. वहिनीने दादाला विचारलं, "हा कोण?" दादाने सांगितलं, सगळं, मराठवाडा, गोदाम, पूर्वेला घर. ती म्हणाली, "अच्छा. म्हणजे आमच्याच बाजूचा." एवढंच. टोमणा नव्हता त्यात. पण बाबांनी ते कार्ड उचलून मांडीखाली ठेवलं, आणि पुढची षटकं उत्तनच्या फिरकीवाल्याला दिली.

दादाने मधे चांगली भागीदारी केली, बोलत नव्हते तरी दोघंही पुढे सरकून बसले होते, अगदी पूर्वीसारखे. मग पुन्हा गडी पडले. शेवटची जोडी, धावा भरपूर हव्यात, षटकं थोडी. भाईंदर जिंकल्यात जमा. दादाने पेला हलवून फासे टाकले. पांढरा मधे थांबला. लाल फासा गडगडत गेला आणि बोर्डाच्या कडेला टेकून तिरका राहिला.

तिरक्या फाशाची आमच्याकडे एक रीत होती. दादा लहान असताना असाच एक फासा टेकून राहिला होता आणि त्यावरून बापलेकात एवढं भांडण झालं होतं की दादा जेवला नव्हता. तेव्हा बाबांनी नियम केला. खऱ्या क्रिकेटात अपील केल्याशिवाय बाद देत नाहीत ना, तसंच. फासा तिरका राहिला तर गोलंदाजी करणाऱ्या कर्णधाराने समोरच्या स्कोअररला स्वतः विचारायचं, "बाद?" आणि स्कोअररने बघून खरं ते सांगायचं. स्कोअररचा शब्द शेवटचा. विचारल्याशिवाय कोणीही फाशाला हात लावायचा नाही.

म्हणजे बाबांनी वहिनीला विचारायचं होतं. एक शब्द.

फासा तिरका होता, पण इतकाही नाही. वर एक होता हे मला माझ्या जागेवरून दिसत होतं. वहिनीलाही दिसत होतं. दादालाही दिसत असणार, त्याचा चेहरा पडला होता. विचारलं की सामना बाबांचा.

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "विचार तिला."

मी म्हणाले, "वहिनी, बाद?"

वहिनीने पेन्सिल खाली ठेवली. तिने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, मग बाबांकडे. आणि अगदी सरळ, न चिडता म्हणाली, "बाबा, नियमात तुम्ही विचारायचं आहे. मी इथेच बसलेय. तुम्ही विचाराल तर जे दिसतंय तेच सांगेन."

पंखा फिरत होता. कार्डं उडू नयेत म्हणून ठेवलेली दादाची किल्ली मी उगाच सरळ करत बसले. स्वयंपाकघरात तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला आणि आई ती उतरवायलाही गेली नाही, दारातच उभी राहिली. दादा म्हणाला, "बाबा." लग्नानंतर पहिल्यांदाच तो त्यांच्याशी थेट बोलत होता. "बाबा, विचारा ना. तुम्हीच जिंकताय."

मी बाबांचं तोंड बघत होते. त्यांचे ओठ एकदा हलले. मी शपथेवर सांगायला तयार आहे, हलले. मला वाटलं, आता. आता निघतोय शब्द.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, "लिही. भाईंदरने सामना सोडला. दोन गुण मीरा रोडला." आणि आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही त्यांनी, नुसतं लोटलं.

हा माणूस ताप अंगात असताना अंथरुणावर बोर्ड घेऊन खेळलेला. हरत असलेला सामनासुद्धा कधी अर्ध्यावर सोडू नये म्हणून आम्हाला व्याख्यानं देणारा. जिंकलेला सामना त्याने सोडून दिला, पण तिला एक शब्द विचारला नाही. तोपर्यंत मला वाटत होतं की बाबा हट्टी आहेत, लोक काय म्हणतील याला घाबरतात, जरा वेळ लागेल. त्या दुपारी मला कळलं की हे हट्टाच्या पलीकडचं काहीतरी आहे, आणि मला बाबांची भीती वाटली.

दादा ताडकन उठला. "चल," म्हणाला तिला, "झालं ना समाधान?" हे कोणाला उद्देशून होतं कळलं नाही, बहुतेक स्वतःलाच. वहिनी मात्र शांतपणे उठली, पॅडवरचा कागद फाडून माझ्या हातात दिला, आणि स्वयंपाकघरात आईकडे गेली. आई घाईघाईने डब्यात पुरणपोळ्या भरत होती. तुपाची वाटी कलंडली. "बस गं, दोन मिनिटं बस, इथे आत बस," असं चाललेलं.

वहिनीने तिचा हात धरला. "आज नको, आई. डबाही नको. असा डबा नेला तर मला कायमचा डबाच मिळेल. तुम्ही या आमच्याकडे."

ती दोघं गेल्यावर आई कितीतरी वेळ जिन्याच्या कठड्याशी उभी होती. समोरच्या गुजराती बाईंनी विचारलं, "क्या हुआ भाभी, मेहमान इतने जल्दी?" आई म्हणाली, "मॅच खतम हो गया." मग आत येऊन पुरणपोळ्या झाकून ठेवल्या. बाबांना वाढली तेव्हा त्यांनी खाल्ली. दोन खाल्ल्या. मला ते बघवेना, मी उठून गेले.

परतीचा सामना महिन्याभराने होता, मीरा रोडच्या मैदानावर, म्हणजे दादाच्या घरी. त्या महिन्यात घरात लीगचे बाकीचे सामने झाले, मी विरार खेळवलं, हरले, कशातच जीव नव्हता. त्या रविवारी सकाळी बाबा मला म्हणाले, "भाईंदरचा संघ जाणार नाही. गुण देऊन टाक त्याला."

आई ओट्यापाशी होती. तिथूनच म्हणाली, "संघ जाणार."

"कोण नेणार?"

"मी. कर्णधाराला जमत नसेल तर घरातलं दुसरं माणूस चालतं. भिंतीवर लिहिलंय तुम्हीच."

बाबा हसले. त्यांना खरंच हसू आलं असावं. आईने उभ्या जन्मात फाशाला हात लावला नव्हता, आमचे सामने चालू असताना ती लसूण सोलायची. "तुला खेळता येतं का?"

"फासेच टाकायचेत ना," आई म्हणाली. "इतकी वर्षं तुमचं बघतेय. तुम्ही तरी दुसरं काय करता?"

तिने त्या पैठणीच्या जोडीची, स्वतःच्या लग्नातली दुसरी साडी नेसली. कार्डांचा डबा पिशवीत घातला. मी बरोबर, स्कोअरर म्हणून. आम्ही पूल ओलांडून पूर्वेला उतरलो, केबिन रोडच्या गर्दीतून चालत गेलो. मधेच ती एका दुकानाशी थांबली आणि बांगड्या घेतल्या, हिरव्या, मापाचा अंदाज माझ्या हातावरून. वाटेत एकदाच बोलली. "मी चुकतेय का गं?" मी म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "चुकत असले तरी आता आलेच आहे."

सामना काय सांगू. हसून हसून पुरेवाट झाली. आई पेला असा हलवायची जसं काही त्यात ताक घुसळतेय. समोरचा बाद झाला की तिला वाईट वाटायचं. "राहू दे ना त्याला, आत्ताच तर आला," म्हणायची. भाईंदर सपाटून हरलं. दादा डोळे पुसत होता, हसून की कशाने, मी विचारलं नाही. मग वहिनीने पानं घेतली. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. आईने आमटी दोनदा मागून घेतली. येसर म्हणजे काय, धान्यं कोणती, भाजायची कितपत, सगळं विचारून घेतलं, आणि निघताना वहिनीने एका बरणीत तिला ते पीठ बांधून दिलं. आईने तिच्या हातात बांगड्या भरल्या. एक फुटली, आई चुकचुकली, वहिनी म्हणाली, "असू दे आई, माप चुकलं असेल."

आम्ही घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते, पेन हातात, गुणतक्ता मांडीवर. मला विचारलं, "किती?"

मी सांगणार, तर आई मधे पडली. पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली आणि पदराने मान पुसत म्हणाली, "सामना हरलो. धावा हिला विचारा. मी तुम्हाला वेगळं सांगते. मी तिच्या घरी, तिच्या हातचं पोटभर जेवून आलेय. पुन्हाही जाणार. आता तुमचा चहा टाकते."

बाबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "नको," म्हणाले. "मी करून घेतो."

आई ओट्याकडे निघाली होती ती तिथेच थांबली.

मी त्या माणसाला कधी गॅस पेटवताना बघितलं नव्हतं. दोन काड्या विझल्या, तिसरीला पेटला. एक कप पाणी मोजून घेतलं, एकच. जिने तिथे भाकरी खाल्ली तिच्या हातचा चहा त्यांना नको होता. बत्तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्या. आईला ते कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली, पाय वर घेतले आणि दुखरा गुडघा चोळत राहिली.

आत बाबा डबे उघडत होते, झाकणं वाजत होती. हा डबा, तो डबा. साखर सापडत नव्हती. मी उठायला लागले तर आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. आतून बाबांचा आवाज आला, माझ्या नावाने, "तिला विचार, साखर कुठाय?"